बिअर-आस्वादन व घरगुती बिअरनिर्मिती

बिअर-आस्वादन म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या बिअरचे रूप, गंध, चव आणि तोंडात जाणवणारा पोत यांचे लक्षपूर्वक परीक्षण करून त्याची नोंद ठेवण्याचा छंद होय. घरगुती बिअरनिर्मिती, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर तयार करणे, हा त्याचा जोडछंद आहे. या दोहोंचे आजचे स्वरूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत घडले. अनेक देशांत असे घरगुती उत्पादन ठरावीक मर्यादेत कायदेशीर आहे; महाराष्ट्रात परवान्याशिवाय ते गुन्हा ठरते.

संज्ञा

बिअर हे धान्यापासून, प्रामुख्याने मोड आणलेल्या बार्लीपासून, किण्वनाने तयार होणारे पेय आहे. ते गाळीव नसते, म्हणजेच त्यात ऊर्ध्वपातनाची क्रिया होत नाही. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो. बार्लीला मराठीत जव किंवा सातू म्हणतात. तथापि महाराष्ट्रात ‘सातूचे पीठ’ या नावाने जे घरोघरी केले जाते ते बहुधा गहू व डाळे यांचे असते, त्यामुळे या लेखात बार्ली हाच शब्द वापरला आहे. यीस्टला परिभाषेत किण्व हा प्रतिशब्द आहे, परंतु व्यवहारात यीस्ट हाच शब्द रूढ आहे.

‘क्राफ्ट बिअर’ या संज्ञेला सर्वमान्य व्याख्या नाही. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन ही संघटना वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेल्या आणि स्वतंत्र मालकीच्या उत्पादकास या वर्गात धरते. ही मर्यादा इतकी सैल आहे की तिच्यात बऱ्यापैकी मोठे कारखानेही बसतात. छंदिष्टांच्या बोलण्यात मात्र या शब्दाचा अर्थ साधा असतो: छोट्या प्रमाणावर, प्रकाराची ओळख राखून केलेली बिअर.

इतिहास

युरोपात घरी बिअर करणे ही मध्ययुगात छंदाची नव्हे तर स्वयंपाकघराची बाब होती आणि ते काम बहुतांशी स्त्रियांकडे असे. पुढे ते मठांकडे, व्यावसायिकांकडे आणि शेवटी कारखान्यांकडे गेले. इ.स. १५१६ मध्ये बव्हेरियात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक वापरावेत असा नियम झाला. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण किण्वन कशाने होते हे तेव्हा ज्ञात नव्हते. लुई पाश्चर यांचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला आणि १८८३ साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियान हान्सेन यांनी यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला. त्यानंतर एकसारखी बिअर वारंवार तयार करणे शक्य झाले. १८४२ साली बोहेमियातील प्लझेन येथे योसेफ ग्रोल यांनी केलेली फिकट सोनेरी लागर बिअर पुढे जगभर अनुकरली गेली. आज कोणत्याही दुकानात ‘बिअर’ म्हणून जी मिळते ती बहुधा तिचीच दूरची वंशज असते.

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरसाठी परवाना आवश्यक झाला होता. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली ही अट काढून टाकली. १९७१ मध्ये तेथे ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली. पिंपातच परिपक्व होणारी पारंपरिक एल बिअर नाहीशी होऊ नये, हा तिचा उद्देश होता.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, परंतु बिअर त्यातून सुटली आणि ती त्रुटी जवळपास ४५ वर्षे तशीच राहिली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी मांडलेल्या दुरुस्तीसह झालेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३८० लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलनपर्यंत बिअर करता येते. विक्री मात्र करता येत नाही. कार्टर यांनी छोट्या कारखान्यांना परवानगी दिली असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. हा कायदा केवळ घरगुती उत्पादनापुरता होता. राज्यांचे कायदे त्याहून वेगळे असू शकत असल्याने सर्व ५० राज्यांत ही मुभा मिळण्यास २०१३ साल उजाडले. अलाबामा व मिसिसिपी ही त्यांतील शेवटची राज्ये होत.

तरीही त्या कायद्याचा व्यवसायावर झालेला परिणाम मोठा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि त्यांची बिअर चवीला जवळजवळ एकसारखी होती. आज तेथे नऊ हजारांहून अधिक उत्पादक आहेत आणि त्यांतील कित्येकांची सुरुवात घरच्या पातेल्यापासून झाली आहे. जॅक मॅकऑलिफ हे अमेरिकी नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये होते. तेथील एल बिअरची चव घेऊन परतल्यावर त्यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू अल्बियन हा छोटा कारखाना काढला. तो १९८२ मध्ये बंद पडला, पण अनुकरण सुरू झाले होते. केन ग्रॉसमन यांचे चिको या गावी घरगुती बिअरसाठी लागणाऱ्या साहित्याचे दुकान होते. १९८० साली त्यांच्या सिएरा नेवाडा कारखान्यात पहिली बिअर झाली. चार्ली पपाझियन हे अणु-अभियांत्रिकीचे पदवीधर, पण पेशाने लहान मुलांचे शिक्षक. कोलोरॅडोतील बोल्डर येथे ते हौशी मंडळींना बिअर करायला शिकवीत. १९७८ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनची स्थापना केली आणि १९८४ साली आलेले त्यांचे पुस्तक पुढील पिढीचे पाठ्यपुस्तक ठरले.

आस्वादनाला शब्दसंपदा देण्याचे श्रेय मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकाराकडे जाते. प्रसिद्ध गायकाशी त्यांचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जागतिक बिअरविषयक ग्रंथाने बिअरची प्रकारवार मांडणी रूढ केली. विशेषतः बेल्जियमच्या बिअरकडे बाहेरच्या जगाचे लक्ष त्यांच्यामुळे गेले. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचा २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

इंडिया पेल एल

भारताचे नाव धारण करणारा हा प्रकार क्राफ्ट बिअरच्या जगात आज सर्वाधिक लोकप्रिय प्रकारांपैकी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे बिअर येत असे. हा कारखाना कंपनीच्या गोदीजवळ होता आणि तो जहाजाच्या कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. त्याच्या यशाची ही दोन कारणे पाककृतीइतकीच महत्त्वाची होती. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप व बास यांनी हा व्यापार काबीज केला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पुष्कळ असते आणि त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व कोरडा उतरतो.

सामान्य बिअर प्रवासात टिकत नसे म्हणून हॉजसन यांनी मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, ही कथा फार प्रचलित आहे, पण तिला समकालीन आधार नाही. काळसर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून भारतात येत होती आणि ती टिकत होती. जादा हॉप्स घातल्याने उष्ण प्रदेशांत बिअर टिकते, हे उत्पादकांना आधीपासून ठाऊक होते. या प्रकाराचे अमेरिकेतील पुनरुज्जीवन १९७० च्या दशकात झाले. त्याला कारण ठरला ‘कॅस्केड’ हा १९७२ साली प्रसृत झालेला हॉप्सचा वाण. मोसंबीवर्गीय फळांच्या सालीसारखा त्याचा गंध आता या प्रकाराची ओळख बनला आहे.

निर्मितीची प्रक्रिया

प्रक्रिया समजल्याशिवाय आस्वादन वरवरचे राहते, म्हणून तिचा थोडा विस्तार आवश्यक आहे.

बार्ली भिजवून, मोड आणून, नंतर वाळवून व भाजून जे धान्य मिळते त्यास माल्ट म्हणतात. नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणून ती वाळवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. मोड येताना धान्यात अशी विकरे तयार होतात की जी पिठूळ द्रव्याचे साखरेत रूपांतर करतात. हलके वाळवलेले माल्ट फिकट व पावाच्या गंधाचे असते. अधिक भाजले की बिस्किट, करपलेली साखर, चॉकलेट आणि शेवटी कॉफी अशी त्याची चव चढत जाते.

भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवतात. २० लिटर बिअरसाठी साधारण ४ ते ५ किलो माल्ट लागते. तापमान या मर्यादेच्या खालच्या टोकाला राहिले तर यीस्टला पचणारी साखर अधिक मिळते आणि बिअर कोरडी होते. वरच्या टोकाला राहिले तर ती भरीव व किंचित गोडसर होते. दोन-तीन अंशांचा हा फरक जिभेला स्पष्ट कळतो. गाळून घेतलेला गोड रस म्हणजे वॉर्ट. तो तासभर उकळतात. आरंभी घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, कारण त्यांतील आम्लांचे विद्राव्य रूप होण्यास दीर्घ उकळी लागते. अखेरीस घातलेले हॉप्स सुगंध देतात, कारण त्यांतील तैले दीर्घ उकळीत उडून जातात.

यानंतर वॉर्ट शक्य तितक्या लवकर थंड करून त्यात यीस्ट घालतात. एल प्रकारचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर, तर लागर प्रकारचे ८ ते १३ अंशांवर काम करते. किण्वनास एक ते दोन आठवडे लागतात. घनतामापकाने आरंभीची व अखेरची सापेक्ष घनता मोजून त्यांच्या फरकास १३१ ने गुणले की मद्यार्काचे अंदाजे शेकडा प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, १.०५० वरून १.०१२ वर आलेली बिअर सुमारे ५ टक्क्यांची असते.

बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, म्हणजे उरलेले यीस्ट तिच्यापासून कर्बवायू तयार करते व फेस मिळतो. २० लिटरसाठी सुमारे ११० ते १३० ग्रॅम साखर पुरते. किण्वन पुरे होण्याआधी बाटल्या भरल्या किंवा साखर जास्त पडली तर दाब वाढून बाटली फुटते. काचेचे तुकडे दूरवर उडून गंभीर इजा होऊ शकते; या छंदातील सर्वांत खरा शारीरिक धोका हाच आहे. त्यामुळे सलग दोन-तीन दिवस घनता बदलत नाही याची खात्री केल्यावरच बाटल्या भराव्यात, असा अनुभवी लोकांचा दंडक असतो.

उकळल्यानंतर रसाला लागणारे प्रत्येक भांडे, नळी व झाकण निर्जंतुक असावे लागते. तयार बिअरमध्ये आम्लता, मद्यार्क आणि हॉप्स एकत्र असल्याने रोगजंतू सहसा वाढत नाहीत. परंतु चव बिघडवणारे जंतू वाढतात आणि पंधरवड्याची मेहनत आंबूस पाण्यात जाते.

आस्वादनाची पद्धत

नमुना थोडा, साधारण ६० ते ९० मिलिलिटर घेतात. पेला स्वच्छ हवा. तुपाचा वा साबणाचा अंश राहिला तरी फेस बसतो आणि परीक्षकाचा समज चुकीचा होतो. फार थंड बिअरचा गंध कळत नाही. फिकट लागर ४ ते ७ अंशांवर, बहुतेक एल ८ ते १२ अंशांवर आणि तीव्र काळ्या स्टाउट त्याहून किंचित उष्ण घेतात. क्रम सौम्याकडून तीव्राकडे असतो. मध्ये साधे पाणी व बिनमसाल्याचा पाव घेतात.

प्रथम गंध घेतात, कारण तो सर्वांत लवकर विरतो. मग रंग, स्वच्छता व फेस पाहतात, त्यानंतर घोट. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरच्या परीक्षणात तो बहुधा गिळतात, कारण कडवटपणाची उतरती छटा गिळल्यानंतर उमगते. म्हणूनच नमुने मोजके ठेवावे लागतात.

१९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची गुणपत्रिका हौशी स्पर्धांमध्ये प्रमाण मानली जाते. तिच्यात एकूण ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. बिअर स्वतःला आवडली का, हा येथे प्रश्न नसतो. ती ज्या प्रकाराची म्हणवते त्या प्रकाराशी प्रामाणिक आहे का, हे पाहिले जाते. एकाच वासाला म्हणूनच दोन निकाल मिळू शकतात. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा व लवंगेचा गंध हवाच, तर लागरमध्ये तोच दोष ठरतो.

स्वतःची बिअर तपासण्यासाठी त्रिकोण-चाचणी उपयोगी पडते. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच बिअर व तिसऱ्यात वेगळी असते आणि वेगळी कोणती ते चाखणाऱ्याने न पाहता सांगायचे असते. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतेच, त्यामुळे चाचणी बऱ्याच जणांवर करावी लागते. पाककृतीतील ज्या बदलांचा मोठा गाजावाजा होतो त्यांतील पुष्कळसे या चाचणीत टिकत नाहीत.

दोष व त्यांची मराठी नावे

आस्वादनाची परिभाषा इंग्रजीत घडली असली तरी चवींच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. इंग्रजीत नवशिके ज्यांची गल्लत करतात ते ‘कडू’ आणि ‘तुरट’ हे दोन रस आपल्याकडे लहान मुलालाही वेगळे कळतात. हॉप्सचा असतो तो कडवटपणा. माल्टची टरफले अति गरम पाण्याने धुतल्यास येतो तो तुरटपणा, आणि तो दोष आहे. भाजलेल्या माल्टला ‘खरपूस’, मर्यादा ओलांडल्यावर ‘करपट’, जुन्या झालेल्या हॉप्सच्या चीजसारख्या वासाला ‘खवट’ आणि बुरशीच्या वासाला ‘कुबट’ हे शब्द नेमके बसतात.

लोण्यासारखा वास डायॲसिटिलमुळे येतो. किण्वन घाईने आटोपले की तो राहतो. हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा, म्हणजे अपुऱ्या परिपक्वतेचा. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडमुळे येतो. झाकण ठेवून उकळल्यास तो उडून जात नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायू लागल्याची खूण असतो.

प्रकाशाने बिघडलेल्या बिअरचा दर्प विशेष उल्लेखनीय आहे. सूर्यप्रकाशात हॉप्समधील कडू द्रव्यांपासून गंधकयुक्त संयुग तयार होते. त्याचा वास स्कंक या अमेरिकी प्राण्याच्या स्रावासारखा असतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी बचाव करते, हिरवी व पारदर्शक काच फारसा करीत नाही.

आयात बिअर

वरील दोष आयात बिअरमध्ये अधिक आढळतात, कारण ती जहाजात, गोदामात आणि दुकानाच्या दिव्याखाली महिनोन्महिने काढते. किंमत जास्त म्हणून ती अधिक चांगली, हा समज त्यामुळे नेहमी खरा ठरत नाही. हॉप्सचा सुगंध प्रधान असलेल्या बिअर काही महिन्यांतच फिक्या पडतात. त्यांवरील तारीख पाहणे हे नाव पाहण्याहून महत्त्वाचे. याउलट बार्ली वाइन, इम्पीरियल स्टाउट यांसारखे तीव्र प्रकार वर्षानुवर्षे सुधारतात. बेल्जियममधील ऑर्वाल मठाच्या बिअरमध्ये बाटलीत भरताना ब्रेटानोमायसीस हे रानटी यीस्ट घातलेले असते, त्यामुळे ताजी आणि वर्षभर ठेवलेली बाटली या दोन वेगळ्याच बिअर वाटतात. ब्रुसेल्सच्या परिसरातील लाम्बिक बिअरमध्ये तर यीस्ट घातलेच जात नाही. उघड्यावर थंड होणाऱ्या रसात हवेतील व पिंपांतील जंतू शिरून किण्वन घडवतात.

घरी बिअर करणाऱ्यांना अशा बाटल्यांचे आणखी एक आकर्षण असते. तळाशी साचलेल्या गाळात जिवंत यीस्ट असते आणि ते पातळ वॉर्टमध्ये टप्प्याटप्प्याने वाढवून वापरता येते. मात्र काही कारखाने बाटलीत भरताना निराळे यीस्ट घालतात. तेव्हा हाती आलेले यीस्ट मूळ चव देणारे असेलच असे नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) यानुसार परवान्याशिवाय कोणतेही मादक पेय तयार करणे, तसेच त्या हेतूने साहित्य वा उपकरणे बाळगणे हा गुन्हा आहे. प्रमाण अल्प होते किंवा विक्रीचा हेतू नव्हता, असे म्हणून सुटका होत नाही. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. जपानमध्येही एक टक्क्याहून अधिक मद्यार्काचे पेय घरी करण्यास बंदी आहे; तेव्हा अशी बंदी केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

घरगुती बिअर आणि ‘हातभट्टी’ यांची सरमिसळ वृत्तपत्रीय लेखनात वारंवार होते. हातभट्टीची दारू गाळीव असते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी गेले, त्याचे कारण मिथेनॉल हे औद्योगिक रसायन होते. धान्याच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य प्रमाणात होते आणि बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसल्याने ते एकवटतही नाही. म्हणून त्या दुर्घटनेचे कारण बिअरला लावता येत नाही. याचा अर्थ बिअर निर्धोक आहे असा मात्र नव्हे: कोणत्याही मद्यातील इथेनॉल कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि आस्वादनाच्या नावाखाली प्रमाण वाढत जाणे हा या छंदाचा सर्वपरिचित धोका आहे.

परवानाधारक सूक्ष्म-मद्यनिर्मितीगृहांना राज्यात परवानगी आहे. पुण्यात २००९ साली सुरू झालेले डूलाली हे त्यांतील आरंभीचे. अशा ठिकाणी बिअर तिथेच तयार होऊन ताजी मिळते आणि पुष्कळदा छोट्या पेल्यांत चार-सहा प्रकार एकत्र मागवता येतात. आयात बाटलीच्या तुलनेत हॉप्सचा गंध ओळखायला शिकण्यासाठी ही सोय अधिक उपयोगी आहे. दोषांचे वास ओळखण्याचा सराव तर बिअरशिवायही होतो: केळे, लवंग, लोणी, ओला पुठ्ठा, उकडलेले मक्याचे कणीस या सगळ्या वस्तू घरातच असतात, आणि परीक्षकांच्या प्रशिक्षणातही गंध अशाच ओळखीच्या वस्तूंशी जोडून लक्षात ठेवायला शिकवतात.